शिक्क्यावरची रेघ

शिक्क्याची शाई जांभळी होती आणि पेन्सिलीची रेघ तिच्यावरून गेली होती.

शिक्का गोल, पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, थोडा तिरका बसलेला. पानाच्या तळाची दोन वाक्यं खोडत ती रेघ कोपऱ्यापर्यंत आली होती आणि शिक्क्याची कड छेदून थांबली होती. पेन्सिल कठीण शिशाची असावी. रंग फिका होता, पण कागदाला बारीक चर पडला होता. मी खिडकीशी गेले, पान उजेडात आडवं धरलं आणि पर्समधून भिंग काढलं. खडक बघायला ते माझ्याकडे कायम असे. चर आधीचा असता तर रबरी शिक्क्याची शाई त्याच्या तळाला लागलीच नसती, तळाशी नुसतं शिसं दिसलं असतं. तसं नव्हतं. तळाशी जांभळा रंग होता आणि त्याच्यावर शिसं चकाकत होतं.

मी भिंग मिटलं आणि पान इतर पानांत ठेवून दिलं.

“तर मंडळी,” पलीकडे बिडवई सर टाळी वाजवून म्हणाले, “संहिता मुंबईहून पास होऊन आली. फक्त एका ठिकाणी कात्री लागलीय. शेवटच्या प्रवेशात.”

कॉलेजच्या हॉलमध्ये तालमीला जमलेले सगळे एकदम बोलायला लागले.

“मी म्हटलं होतं का नाही? सेन्सॉर सोडायचा नाही.”

“आणीबाणी उठली की, सर. आता कसली कात्री?”

“उठली दिल्लीत,” नागनाथ म्हणाला. तो पोस्टात होता आणि नाटकात मुकादमाचं काम करत होता. “आपल्याकडं मनिऑर्डर यायला पंधरा दिवस लागतात, तर स्वातंत्र्याला किती लागतील? सर, हा सेन्सॉर म्हणजे नेमका कसा असतो हो? चष्मा असतो का त्याला?”

“चष्मा, लाल पेन्सिल आणि अपचन,” सर म्हणाले. सगळे हसले.

“मग ही पेन्सिल काळी कशी?” कुणीतरी पानावर वाकून विचारलं.

“लाल संपली असंल. साठ पानं वाचायची म्हणजे काय थट्टा आहे का,” नागनाथ म्हणाला. पुन्हा सगळे हसले.

मथुरा हसली नाही. ती हॉलच्या पायरीवर बसली होती. मांडीवर तालमीची पाटी होती, वेताची, माती वाहायची. शेवटच्या प्रवेशातलं ते मोठं भाषण तिचंच होतं.

“कुठलं वाक्य कापलं, सर?” तिनं विचारलं.

“शेवटची दोन. चौथ्या नावापासून पुढं.”

पाटी उलटी करून तिनं बाजूला ठेवली.

अजूनही गावात त्या नाटकाचा विषय निघाला की लोक म्हणतात, तुमच्या नाटकाला सेन्सॉरनं फार छळलं म्हणे. मी म्हणते, नाही. ते समजतात मी भिडेपोटी बोलते.

नाटकाचं नाव ‘मुरूम’. ते माझ्या नवऱ्यानं, अनंतनं, लिहिलं होतं. अनंत ओव्हरसियर होता. बहात्तरच्या दुष्काळात तालुक्यातल्या एका माळावर पाझर तलावाचं काम चालायचं, तिथं त्याची नेमणूक होती. बायका-पुरुष मिळून हजारभर माणसं. खोदताना लोक मुरमाचा कडा खालून उकरत. खालचा मुरूम मऊ असतो, पाटी लवकर भरते. वरचा थर तसाच छपरासारखा पुढं आलेला राहतो. भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगता येईल की असा कडा उभा राहत नाही. एका दुपारी तो बसला. त्याच्याखाली काही बायका होत्या.

सरकारी कागदावर तीन.

अनंतनं पाच वर्षं ते नाटक लिहिलं. स्वतः टाइप केलं, मुंबईला परिनिरीक्षण मंडळाकडं स्वतः पाठवलं. श्रावणात त्याला कावीळ झाली आणि तो गेला. संहिता पास होऊन आली तेव्हा पाकिटावर त्याचं नाव होतं. पत्ता आमच्या संस्थेचा होता, म्हणून पाकीट बिडवई सरांनी फोडलं.

त्या दिवसांत मला काही जाणवत नसे. स्टोव्हवर दूध वर येताना दिसे, ते आता उतू जाणार हेही कळे, पण हात पुढं होत नसे. मग मी पुसून काढत असे. कॉलेजात शिकवत होते. विद्यार्थ्यांना फरक कळला नसावा. संध्याकाळी तालमीला जात होते, कारण दर वर्षी जात होते. मी प्रॉम्प्टर होते. विंगेत संहिता घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द द्यायचा. तो नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेला जाता कामा नये. स्पर्धेत प्रॉम्प्टिंग ऐकू आलं तर परीक्षक गुण कापतात. अनंत म्हणायचा, “शालन, तुझ्याइतकं हळू कुणाला बोलता येत नाही.” त्याला ते कौतुक वाटायचं.

तालीम संपली. सगळे गेल्यावर सर खुर्च्या भिंतीला लावत होते. मी संहिता घेऊन त्यांच्याजवळ गेले.

“सर, रेघ शिक्क्याच्या वर आहे.”

“म्हणजे?”

“शिक्का आधी बसलाय. रेघ नंतर ओढलीय.”

ते खुर्ची धरून तसेच थांबले. बिडवई सर राज्यशास्त्र शिकवत. आणीबाणी उठल्यावर त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली होती. एका वर्तमानपत्रानं अग्रलेखाची जागा कशी कोरी सोडली, हे सांगताना त्यांचा गळा दाटून यायचा, आणि तो खरंच दाटायचा. मी ऐकलं होतं.

“तुम्हाला फसवता यायचं नाही, हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. खुर्ची ठेवून ते तिच्यावरच बसले. “मंडळानं एक अक्षर कापलं नाही, वहिनी. मंडळाला काय ठाऊक कोंडाबाई कोण? त्यांच्या लेखी ती नुसती नावं. पण इथं?”

“इथं काय?”

“हॉल भाऊसाहेबांचा. कॉलेज भाऊसाहेबांचं. पहिल्या प्रयोगाला पाहुणे भाऊसाहेब. तलावाचं काम तेव्हा कुणाच्या देखरेखीखाली होतं? अपघातात तीन गेल्या, चौथी कुणी नव्हती, असं सभेत कुणी सांगितलं?”

“त्यांनी तुम्हाला काही म्हटलं का?”

“कोण, भाऊसाहेब?” सर हसले. “ते कशाला म्हणतील?”

“निरोप पाठवला?”

“नाही हो.”

“मग?”

“वहिनी, म्हणेपर्यंत थांबायचं असतं का?” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “तीन नावं आहेत ना नाटकात. तीनही खरी. कडा आहे, मुरूम आहे, मुकादमाचा हलकटपणा आहे. एका नावासाठी सगळं नाटक घालवायचं? मी सेन्सॉर नाही. मी नाटक वाचवतोय.”

“मग मुलांना मुंबईचं नाव का सांगितलंत?”

“कारण मुंबईवर कुणी रागवत नाही. म्हणजे रागवतं, पण आपापसात भांडत नाही. सेन्सॉरनं कापलं म्हटलं की सगळे एक होतात. आज बघितलंत ना, किती दिवसांनी हसले.” ते उठले. “पण तुमच्या परवानगीशिवाय मी काही करणार नाही. अनंताच्या जागी आता तुम्ही. लेखकाची संमती लागते. आणि दुसरं वाक्य तुम्ही वाचलंय. ते जावं असं तर तुम्हालाही वाटत असेल.”

“वाचलंय.”

“मग?”

“सांगते,” मी म्हटलं.

ते मान हलवून दिवे मालवायला गेले. पुढच्या दिवसापासून तालीम ती दोन वाक्यं सोडून सुरू झाली.

मथुरा माझी विद्यार्थिनी होती. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, मामाकडं राहून शिकत होती. नाटकात काम करायला ती आपणहून आली होती. तिला अभिनय येत नव्हता, सुरुवातीला हात कुठं ठेवायचे हेही कळत नसे. पण अनंतनं तिलाच घेतलं. का, ते संस्थेत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

कोंडाबाई तिची आई.

कोंडाबाईला खोकला होता, म्हणून मुकादमानं तिला कामावर घेतलं नव्हतं. हजेरीपटावर नाव मथुराचं लागलं. मथुराची शाळा असली की तिच्या नावावर आई जायची. बहुतेक घरांत असंच चालायचं. पाटी कोण उचलतंय ते मुकादम बघत नसे, फक्त नाव पुकारल्यावर कुणीतरी ‘हाय’ म्हणायला लागायचं. त्या दिवशी मथुराची सहामाही परीक्षा होती. कडा बसल्यावर लोकांनीच उकरून बायका काढल्या. कोंडाबाईला तिच्या दिरानं गाडीत घालून गावी नेलं. साहेब लोक आले तेव्हा हजेरीपट घेऊन नावं पुकारली गेली. मथुरा उबाळे हे नाव पुकारलं तेव्हा मथुरा तिथं उभी होती. शाळेतून पळत आली होती. ती ‘हाय’ म्हणाली.

मथुरा उबाळे जिवंत होती, आणि कोंडाबाई उबाळे कामावर नव्हतीच. ती घरी खोकल्यानं वारली, असं ठरलं.

रेघ बघितली त्यानंतरच्या एका दुपारी मी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या पेट्या लावत होते. मथुरा दारात येऊन उभी राहिली.

“बाई, येऊ का?”

“ये.”

“एक इचारायचं व्हतं.” ती कॉलेजात शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची, मनातलं काही बोलायचं असलं की ते सुटायचं. “सायबानं कापलं ते कापलं. त्याच्याविरुद्ध काई करता येत न्हाई, सर म्हणले. शब्द जास्तीचा गेला तर सगळ्यांचं नाटक बाद व्हईल. म्या न्हाई बोलायची. पण एक कळंना.”

“काय?”

“मुंबईच्या माणसाला मपली आई कशी ठाव?”

मी पेटी खाली ठेवली.

“चार नावं व्हती,” ती म्हणाली. “चारी सारखीच. बाया-बापड्यांची. त्यानं तीन ठिवली, एक काढलं. बराबर तेच कसं काढलं? त्याला कुनी सांगितलं, ही चौथी कागदावर न्हाई म्हणून?”

मी पर्समधून संहिता काढली, ते पान उघडलं, खिडकीशी धरलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

“रेघ आणि शिक्का जिथं छेदतात, तिथं बघ. कुठला थर खाली आहे?”

तिनं भिंग डोळ्याशी नेलं. तिला मी ते धरायला शिकवलं होतं, डोळ्याजवळ घ्यायचं आणि वस्तू पुढं आणायची. ती बराच वेळ बघत राहिली.

“जांभळा खाली.”

“खालचा थर कधीचा असतो?”

“आधीचा.” मग ती थांबली. भिंग तसंच डोळ्याशी होतं. “म्हंजे पास झाल्यावर.”

“हो.”

“म्हंजे सरांनी.”

तिनं भिंग मिटून मला परत दिलं. पदरानं पुसून दिलं.

“चांगला माणूस हाय ओ तो,” ती म्हणाली. “मला कविता पाठ करून घेतल्या त्यानं. जीभ वळंना तर खडीसाखर दिली.” ती स्टुलावर बसली. “सायेब असता तर बरं झालं असतं. मुंबईचा. त्याला शिव्या देता आल्या असत्या.”

बाहेर घंटा झाली. ती उठली नाही.

“तुमचं काय म्हणणं हाय, बाई? सर म्हणत्यात, बाईंनी हो म्हणलंय.”

“मी हो म्हटलं नाही.”

“मग न्हाई म्हणलंय?”

“तेही नाही.”

“मग काय म्हणलंय?”

“सांगते, असं म्हटलंय.”

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादा नमुना कुठल्या पेटीत जातो ते कळत नसलं की जसं बघतात, तसं.

“तू स्वतः बोललीस तर?” मी विचारलं. “तुझं भाषण आहे. तिथं उभं राहून बोललीस तर तुला कोण अडवणार आहे?”

“न्हाई.” हे तिनं आधीच ठरवलेलं होतं. “म्या बोलले तर लोक म्हणतील, पोरीनं पदरचं घातलं. चुलतासुद्धा म्हणतो, आईच्या नावावर काई पदरात पडंल म्हणून नादी लागली. पाच वर्सं मी सांगतीच हाय की, बाई. मपल्या तोंडून ते खरं व्हत न्हाई. सायबांनी लिवलं म्हणून मी नाटकात आले. त्यांनी लिवलंय ते त्यांचं म्हणून आलं पायजे.” सायबांनी म्हणजे अनंतनं. “म्या असं करते. तीन नावं घेते अन् थांबते. तुमी विंगंत असताच. तुमी शब्द देताल तर बोलते. न्हाई देताल तर पाटी उचलते अन् जाते. काई म्हणायची न्हाई तुमाला.”

“मथुरा—”

“तुमी सांगताल ते,” ती म्हणाली आणि गेली.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी मला बोलावलं. त्यात विशेष काही नव्हतं. कॉलेजच्या वर्धापनदिनाला सगळ्या विभागांची विचारपूस ते करतच. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते चहात बिस्किट बुडवून खात होते. उंच, सत्तरीकडं आलेले, धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं आणि मग माझ्यासाठी चहा मागवला.

“कशा आहात, बाई? एकट्या राहता का कुणी सोबतीला असतं?”

“एकटी असते.”

“सासूबाईंना आणा काही दिवस. घर खायला उठतं.” बिस्किटाचा तुकडा चहात पडला, तो त्यांनी चमच्यानं शोधून काढला. “उद्या येतोय मी. अनंतरावांचं नाटक आहे, बघणारच. बिडवई सांगत होते, सेन्सॉरनं काही कापलं म्हणे?”

“दोन वाक्यं,” मी म्हटलं.

“वाईट झालं. खरंच सांगतो, मला हे पटत नाही. लिहिणाऱ्याला लिहू द्यावं. आणीबाणीत मीही पक्षात बोललो होतो, हे बरं नाही म्हणून. ऐकतो कोण?” ते माझ्याकडं मोकळेपणानं बघत होते. ते खोटं बोलत आहेत असं मला वाटलं नाही. कापलं कुणी, ते त्यांना खरंच माहीत नसावं. माहीत असायची त्यांना गरज नव्हती. “मी कधी कुणाला अमुक बोलू नका, तमुक लिहू नका असं सांगितलंय का? विचारा कुणालाही गावात.”

“नाही सांगितलं,” मी म्हटलं.

“हां.” चहा आला. त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. “त्या तीन बायांची फार हळहळ वाटते मला. हिराबाई, जनाबाई आणि सखूबाई. अजून नावं लक्षात आहेत. तुमचे यजमान तर दोन दिवस जेवले नव्हते. पण काम चोख. अशा वेळी दहा अफवा उठतात, कुणी चार म्हणतं, कुणी चाळीस. अनंतराव शांतपणे बसले, हजेरीपट घेतला, एकेक नाव पडताळलं आणि तीन म्हणून सही केली. त्या सहीवर सगळं मिटलं. सरळ माणूस. त्यांच्या नावाला कुणी बोट लावू शकत नाही, ही केवढी पुण्याई.”

“हो,” मी म्हटलं.

“चहा घ्या, निवतोय.”

मी चहा घेतला. त्यात साखर जास्त होती. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की कप मी पूर्ण संपवला होता.

प्रयोग दुपारी तीनला होता. हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता, तरी फटींमधून उन्हाच्या पट्ट्या आत येत होत्या. हॉल भरला होता. माळाभोवतीच्या गावांमधूनही माणसं आली होती, ती मागं भिंतीला टेकून उभी होती. पहिल्या रांगेत मधल्या कोचावर भाऊसाहेब होते.

पडदा वर जायच्या आधी बिडवई सर विंगेत माझ्याकडं आले. ओव्हरसियरचं काम ते स्वतः करत होते; डोक्यावर सोला हॅट, तोंडाला रंग. अनंतची हॅट मीच दिली होती.

“वहिनी, तुम्ही काही सांगितलं नाहीत.”

“नाही.”

“मग मी ते हो समजतो.”

“हं,” मी म्हटलं. तो होकार नव्हता. त्यांनी तो तसा घेतला. नागनाथ मागून कुजबुजला, “सर, हॅट उलटी आहे. सेन्सॉर हसेल.” सर हॅट फिरवून गेले.

नाटक चांगलं चाललं होतं. नागनाथनं मुकादमाच्या पहिल्याच वाक्याला हशा घेतला. मी बॅटरीचा उजेड पानावर धरून ओळींवरून बोट फिरवत होते. कुणी अडलं नाही. दुसऱ्या अंकात कडा बसतो, तो आवाज आम्ही पत्र्याच्या डब्यात दगड घोळवून काढला होता. तो झाला तेव्हा मागं भिंतीपाशी कुणीतरी बाई मोठ्यानं रडली आणि तिला बाहेर नेलं.

मग शेवटचा प्रवेश आला. मथुरा रिकामी पाटी पायाशी ठेवून मधोमध उभी राहिली. डाव्या बाजूला खुर्चीवर ओव्हरसियर, मांडीवर हजेरीपट. मी उजव्या विंगेत, तिच्यापासून चार-पाच पावलांवर. माझ्या समोरच्या विंगेत कुणी नव्हतं, तिथं सतरंजीच्या फटीतून आलेलं ऊन पडलं होतं आणि त्यात धूळ हलत होती.

“हिराबाई तुकाराम गायके,” मथुरा म्हणाली. तिनं हात नीट ठेवले होते.

“जनाबाई किसन लोमटे.”

हॉलमध्ये कुणी खोकलं नाही.

“सखूबाई लिंबाजी घुले.”

ती थांबली.

तालमीत या जागी ती लगेच खाली वाकून पाटी उचलायची आणि सर उठायचे. सर खुर्चीच्या कडेला आले, उठायच्या तयारीत. ती वाकली नाही. तिनं मान थोडी वळवली, प्रेक्षकांना कळणार नाही इतकी, आणि विंगेत माझ्याकडं बघितलं. सरांनीही बघितलं. खुर्चीवरून, हॅटखालून. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही.

मी पानावर बघितलं. बॅटरीच्या उजेडात रेघ दिसत नव्हती. मी बॅटरी थोडी तिरकी केली, तेव्हा चर दिसला आणि चराखाली अनंतची टाइप केलेली दोन वाक्यं, आणि कोपऱ्यात शिक्का. त्याच्या मशीनचा ‘ब’ थोडा वर उडायचा. दोन्ही वाक्यांत तो वर उडालेला होता. तो जिवंत असता तर या प्रयोगाला पहिल्या रांगेत कुठं बसला असता, याचा मी विचार केला, आणि मग तो बसला नसता असं वाटलं. तो इथं, याच अंधारात, माझ्या शेजारी उभा राहिला असता. पुढचा शब्द कोण देतं ते बघत.

पहिल्या रांगेत कोचाची स्प्रिंग वाजली. मागच्या भिंतीपाशी कुणीतरी पुढं सरकलं.

मथुरानं पाटीकडं हात नेला.

प्रॉम्प्टरचा आवाज ओठांत असतो. मी तो वापरला नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांना ऐकू जावं म्हणून जो वापरते, तो वापरला.

“चौथी, कोंडाबाई मसाजी उबाळे. ओव्हरसियर सायबानं तिला बघितलं व्हतं, अन् तीनवर सही केली.”